टाचणीबाईंचं बोट

“बाई, रक्तच हवं होतं तर तसं सांगायचं ना! मी नाश्ता तरी दणकून केला असता,” पोहण्याचे मास्तर म्हणाले आणि त्यांनी हातावरची कालची चिकटपट्टी टाचणीबाईंच्या नाकासमोर नाचवली.

रांगेत बसलेले बाकीचे अकरा जण खो खो हसले. बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी मास्तरांचा हात टेबलावर उताणा ठेवला, पट्टी अलगद काढली आणि खाली पाहिलं. मोहरीएवढा लाल ठिपका होता.

“दुखतंय का हो?”

“छे! पाण्यात उतरलो तेव्हा जरा चुणचुणलं, एवढंच. पण काल हात जड होता हं तुमचा.”

मास्तर गमतीने बोलले, पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. टाचणीबाई हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. नर्सच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची अकरा या औषध-चाचणीच्या विभागात. आणि टाचणी टोचावी तर बाईंनीच, हे विभागात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. टाचणी अशी टेकवायची की कातडीला खळगा पडला पाहिजे, भोक पडता कामा नये. प्रत्येक वेळी जोर तेवढाच, ना कमी ना जास्त. हे काम करणारं यंत्र मिळतं म्हणे. ते मागवायचा अर्ज मोठ्या डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी केला होता, पण बाईंचा हात असताना त्या अर्जाची आठवण कुणाला होणार? अकरा वर्षांत त्यांच्या टाचणीने कुणाचं रक्त काढलं नव्हतं. काल काढलं.

‘वय झालं, दुसरं काय,’ बाईंनी मनाशी म्हटलं. ‘आज हात हलका ठेवायचा.’

वय तसं हल्ली बऱ्याच ठिकाणी डोकावत होतं. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या जिन्यात पायातली चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नाही. शिपाई ती हातात धरून मागे धावला तेव्हा सगळा जिना हसला होता. आज सकाळी चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उचललं आणि चटका बसला नाही, तेव्हा मात्र त्यांना स्वतःच्या कणखरपणाचं कौतुकच वाटलं होतं.

चाचणी मलमाची होती. औषध जुनंच, उदास माणसांना देतात त्या गोळीतलं. ती गोळी पोटात न घेता मलम करून चोळली तर तेवढी जागा बधिर होईल, अशी मोठ्या डॉक्टरांना शंका होती. आणि मोठ्या डॉक्टरांना शंका आली की बारा माणसांच्या हातांना टाचण्या लागत. “म्हणजे माझा हात आता आनंदी राहणार का?” मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नळ्या चार होत्या: क, ख, ग आणि घ. त्यांतल्या एका नळीत औषधच नव्हतं, नुसतं कोरं मलम. बाकीच्या तिन्हींत ते कमी-जास्त होतं. कुठल्या नळीत काय आहे हे लावून घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं, लावणाऱ्या बाईंना नव्हतं, आणि सगळं टिपून घेणाऱ्या धाकट्या डॉक्टरांनाही नव्हतं. ते लिहिलेली चार पाकिटं मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात मोहोर लावून ठेवलेली होती. रोज एक नळी उघडायची. हातावर शाईने चौकोन आखायचा, मलम लावायचं, वर पातळ प्लास्टिक दाबायचं, पाऊण तास थांबायचं, पुसून काढायचं आणि मग डोळे मिटायला सांगून सहा वेळा टोचायचं. किती वेळा लागलं ते माणसाने सांगायचं. मंगळवारी क, काल बुधवारी ख. आज गुरुवारी ग नळी होती.

आणि बाईंचा सगळा जीव त्या नळ्यांत अडकला होता, कारण घरी त्यांचे यजमान खिडकीवाला शर्ट घालून बसले होते.

यजमान एका आठ मजली कचेरीत लिफ्टवर होते. पस्तीस वर्षं माणसांना वर-खाली नेऊन निवृत्त झाले आणि दहा वर्षांनी त्यांच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली. फोड आले, सुकले, खपल्या पडल्या, पण आत आग राहिली ती राहिलीच. “नागीण गेली, शेपूट ठेवून गेली,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. चौदा महिने झाले होते. त्या जागेवर वारा लागला तरी ते कळवळत. कापड लागलं तर विचारूच नका. म्हणून बाईंनी त्यांच्या सगळ्या शर्टांना उजव्या बाजूला ताटलीएवढं भोक पाडून कडा शिवून दिल्या होत्या. दुखणं किती, हे ते मजल्यांत सांगत. “आज पाचवा.” “आज सातव्यावर अडकलीय, दार उघडेना.” तळमजल्यावर ते चौदा महिन्यांत एकदाही आले नव्हते.

डॉक्टरांनी त्यांना हीच उदासीवरची गोळी दिली होती. गोळीने दुखणं तिसऱ्या मजल्यावर आलं खरं, पण लघवी अडली, डोळ्यांवर सारखी झापड, आणि आठव्या दिवशी ते न्हाणीघरात पडले. गोळी बंद झाली, दुखणं पुन्हा वर गेलं. मलम पोटात जात नाही, रक्तात फारसं जात नाही. म्हणजे आग विझेल आणि माणूस पडणार नाही. हे बाईंच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून घुमत होतं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलंही होतं, “हे बाहेर कधी मिळेल हो, सर?”

“पाच-सात वर्षं धरा, सिस्टर. मिळालंच तर.”

पाच-सात वर्षं! यजमान एकाहत्तरीला आले होते.

बाईंनी टाचण्यांची नवी डबी उघडली. नव्या डबीतली पहिली टाचणी स्वतःला, हा त्यांचा शिरस्ता. त्या शिकत असताना एक जुन्या मेट्रन होत्या. त्या म्हणायच्या, जे दुसऱ्याला देणार ते आधी स्वतः घेऊन बघावं. तेव्हापासून प्रत्येक डबीतली पहिली टाचणी बाई डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला टोचून पाहत, ती टाकून देत, आणि मग लोकांकडे वळत. हातमोजे घालूनच काम करायचा नियम आल्यावर त्यांनी त्यातूनही वाट काढली. डाव्या मोज्याचं तेवढं एक टोक त्या कात्रीने कापून टाकत. धाकट्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी हातमोज्यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं.

बारा जणांना मलम लावून झालं होतं, घड्याळ लावलं होतं. बाईंनी पहिली टाचणी घेतली आणि बोटावर टेकवली.

काही नाही.

त्यांनी पुन्हा टेकवली, जरा दाबून. बोटाच्या मांसात खळगा पडलेला दिसत होता. लागत मात्र नव्हतं, जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं होतं. बाईंनी कापलेल्या टोकाकडे पाहिलं. कडेला पांढरं मलम लागलं होतं. डाव्या हातात नळी धरलेली, त्यातून ओघळून बोटाला लागलं असणार. मनात आनंदाची एक लाट आली, तिची त्यांना फारच लाज वाटली.

ग! ग मध्ये आहे!

हे त्यांना कळायला नको होतं. कळलं तर उठून धाकट्या डॉक्टरांना सांगायचं आणि त्या दिवसापुरतं काम सोडायचं, असा नियम होता. बाई उठल्या नाहीत. आंधळा मागतो एक डोळा आणि इथे दोन मिळाले होते. उठून कोण जातं?

पाऊण तासाने त्यांनी टोचायला सुरुवात केली. कालच्या रक्ताची धास्ती मनात होतीच. त्यातून मलम जोरदार आहे म्हटल्यावर या बधिर कातडीला आपण भोक पाडू आणि माणसाला पत्ताही लागणार नाही, अशी भीती. हात आपोआप फुलासारखा हलका पडत होता. पहिला म्हणाला, तीनदा लागलं. दुसरी म्हणाली, दोनदा. धाकट्या डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं आणि आकडा लिहिला. मास्तर डोळे मिटून बसले होते.

“झालं, मास्तर. किती?”

“झालं? मला वाटलं अजून सुरूच करताय. एकदा काहीतरी झालं खरं, माशी बसल्यासारखं.”

धाकट्या डॉक्टरांचे डोळे चमकले. बोलायची मनाई होती म्हणून त्या गप्प राहिल्या, पण पेन भराभर चाललं.

मलम काढून घ्यायची काचेची पट्टी होती. तिच्यावर सुपारीएवढं मलम उरलं होतं. ते पुसून कचऱ्यात टाकायचं असे. ‘कचऱ्यातच जाणार होतं,’ असं बाई नंतर दहा वेळा मनाशी म्हणाल्या. त्यांनी ते टाचण्यांच्या रिकाम्या डबीत खरवडून घेतलं आणि डबी पर्समध्ये टाकली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी दवाखान्यातून कापसाचा बोळाही घरी नेला नव्हता. बाहेर पडताना दारावरचा पहारेकरी नेहमीप्रमाणे “निघालात का, बाई?” म्हणाला, तर त्या दचकून “नाही” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

“कितवा?” घरात शिरताच त्यांनी विचारलं.

“सातवा,” यजमान म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर, डावीकडे कलून बसले होते. “हवा दमट आहे ना आज.”

“अहो, एक मलम आणलंय. लावू का?”

“तूच लावणार? नको बाई. हात लागला तरी जीव जातो.”

ते खरंच होतं. चौदा महिन्यांत बाईंनी त्यांना त्या बाजूने स्पर्श केला नव्हता. पहिल्या महिन्यात एकदा केला होता, तेव्हा ते ओरडले आणि मग दोघंही रडले. तेव्हापासून त्या पलंगाच्या दुसऱ्या कडेला, अंग चोरून झोपत.

“एकदाच. दवाखान्याचं आहे. तुमच्यासाठीच म्हणा ना.”

बाईंनी सगळं पद्धतशीर केलं. दवाखान्यातल्या सवयीने पेनाने चौकोन आखला. मलम बोटाने न चोळता नुसतं टेकवत टेकवत पसरलं. यजमानांनी दात आवळले, खुर्चीचा हात धरला, पण ओरडले नाहीत. वर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून तो सरकू नये म्हणून बाईंनी त्यावर तळहात धरला. मग घड्याळाकडे बघत त्या त्यांच्याशेजारी स्टुलावर बसल्या. पाऊण तास.

बसल्या बसल्या काय बोलणार? त्यांनी मास्तरांच्या रक्तदानाची गोष्ट सांगितली. यजमानांनी एका साहेबांची सांगितली, जे पस्तीस वर्षं रोज लिफ्टमध्ये शिरून “वर जातेय ना?” विचारत, तेही तळमजल्यावर. ही गोष्ट बाईंनी शंभर वेळा ऐकली होती. तरी त्या हसल्या. वीस मिनिटं झाली तेव्हा यजमान बोलायचे थांबले.

“काय झालं? आग होतेय?”

“श्श. पाचवा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “चौथा.” मग कितीतरी वेळाने त्यांनी बाईंकडे पाहिलं. “अगं, दुसरा! दुसऱ्यावर आहे मी.”

आणि ते बसल्या जागीच झोपले. बाईंना रडू आलं, पण हात हलेल म्हणून त्या रडल्याही नाहीत.

सकाळी त्यांनी चादर उचलून पाहिलं. बरगडीवर लाल चौकोन उमटला होता. शाईच्या रेघेबरोबर, जसाच्या तसा. यजमान अजून झोपेत होते. बाईंनी त्यांना उठवलं नाही. चहाही न घेता त्या दवाखान्यात आल्या.

त्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः खोलीत आले होते. एरवी ते येत नसत. धाकट्या डॉक्टरांनी कालचे आकडे दाखवले असणार. ते खुशीत होते, पण खुशीतसुद्धा सावध.

“आज घ नळी. सगळ्यांच्या हातांचे कालचे चौकोन नीट बघा, सिस्टर. उंदरांवर केलं होतं तेव्हा औषध जास्त झालं तिथे कातडी आधी लाल झाली, मग फोड आले, मग मेली. लाल दिसलं की लगेच मला सांगायचं.”

बाईंनी बाराच्या बारा हात पाहिले. एकही लाल नव्हता. म्हणजे चांगल्या कातडीला झेपलं. पण नागिणीने आधीच पोळलेली कातडी? तिला झेपेल? बाहेर जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, लाल वाढलंय का?”

“मला काय दिसणार? आरशासमोर उभा राहिलो तर मान अवघडली, बाजू काही दिसेना.”

“फोड? हाताला लागतात का फोड?”

“हात कोण लावतंय तिथे! अगं, झालंय काय तुला? रात्री झोपलो ना मी झकास.”

“आता कितवा?”

“चढतेय जरा. चौथा असेल. आज येताना आणशील ना ते?”

बाईंनी फोन ठेवला. जिन्याच्या कठड्याला धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. गप्प बसावं तर घरी कातडी मरतेय की काय कोण जाणे. बोलावं तर नोकरी, नाव, सगळंच जाणार. चाचणीतल्या बारा जणांची काळजी घ्यायला दोन डॉक्टर होते, आणि तेरावा माणूस एकटा, पाठमोरा, आरशासमोर मान वाकडी करून उभा होता. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि बाई सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. धाकट्या डॉक्टर तिथेच होत्या.

“सर, मी काल ग नळीतलं मलम घरी नेलं. यजमानांना लावलं. बरगडीवर लाल झालंय. त्यांना काही होणार नाही ना, तेवढं आधी सांगा. मग मला काय करायचं ते करा.”

मोठे डॉक्टर बघतच राहिले. “तुम्ही? सिस्टर, तुम्ही?”

“हो.”

“पण ग का? तुम्हाला काय माहीत त्यात औषध आहे ते?”

मग बाईंनी मोज्याचं कापलेलं टोक, मेट्रनबाईंचा शिरस्ता, ओघळलेलं मलम, सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान वाटला ती चोरीच्या कबुलीत सांगावी लागतेय, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मोठे डॉक्टर उठले. “चाचणीबाहेरच्या माणसाला लागलंय म्हणजे पाकीट उघडावंच लागेल.” त्यांनी कपाटातून ग चं पाकीट काढलं, मोहोर फोडली, आतला कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो धाकट्या डॉक्टरांच्या हातात दिला.

“यजमानांची काळजी करू नका,” ते हळूच म्हणाले. “प्लास्टिकने लाल झालं असेल. संध्याकाळपर्यंत जाईल. ग मध्ये काही नाही, सिस्टर. ते कोरं मलम आहे.”

“असं कसं?” बाई म्हणाल्या. “ते झोपले ना! आणि माझं बोट? आणि ते बारा जण?”

“तेच म्हणतोय मी. कोऱ्या मलमाने बारा माणसं बधिर होत नाहीत.”

मग धाकट्या डॉक्टरांनी बाईंची टाचण्यांची डबी उचलली, खुर्ची पुढे ओढली आणि फारच मऊ आवाजात म्हणाल्या, “सिस्टर, बसा ना जरा. मोजे काढा. आज हाताला काही लागलंय?”

“नाही. मलम अजून उघडलंच नाही आज.”

“डोळे मिटा. किती वेळा लागलं ते सांगायचं.”

हे शब्द बाईंनी स्वतः हजारो वेळा उच्चारले होते. त्यांनी डोळे मिटले आणि तळहात उताणे ठेवले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. बाहेर मास्तर कुणाला तरी पोहायला शिकायचा आग्रह करत होते. बाई वाट पाहत राहिल्या. ही पोरगी घाबरली की काय, असं त्यांना वाटलं.

“करा ना सुरू, मॅडम. मला नाही भीती वाटत.”

उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या दोन्ही हातांच्या दहाही बोटांवर बारीक बारीक खळगे होते. एका बोटावर रक्ताचा थेंब आला होता. धाकट्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“झालं, सिस्टर,” त्या म्हणाल्या.

पायांची तीच गत निघाली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, साखर शेवटची कधी तपासली होती? बाईंना आठवेना. दुसऱ्यांची रोज तपासत होत्या. चप्पल निसटली ती, पातेल्याचा चटका बसला नाही तो, काल-परवा गुंड्या लावताना होणारी खटपट, आणि मास्तरांच्या हातावरचं रक्त. एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसली. बोटांना कळत नव्हतं म्हणून बुधवारी हात जड पडला आणि गुरुवारी नको इतका हलका. बारा माणसं बधिर झाली नव्हती; बधिर बाईच होत्या.

“बुधवार आणि गुरुवार रद्द,” मोठे डॉक्टर म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. “त्याच्या आधीचंही बघावं लागेल. आणि घरी नेल्याचं मला लिहावं लागेल, सिस्टर.”

“मीच लिहिते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि घडलं ते ओळीने लिहिलं: मोजा, बोट, डबी, किती मलम, कुणाला लावलं, किती वाजता. पेन घसरू नये म्हणून ते मुठीत घट्ट धरावं लागत होतं. खाली सही केली. टाचण्यांची डबी धाकट्या डॉक्टरांना दिली. “नव्या डबीतली पहिली…” त्या सांगायला गेल्या आणि थांबल्या. “मोजे अख्खेच घाला तुम्ही,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर मास्तर बाही वर करून तयार होते. “या बाई! आज कितीदा?”

“आज मॅडम टोचतील,” बाई म्हणाल्या. “हात चांगला आहे त्यांचा.”

घरी यजमान शर्टाची उजवी बाजू वर गुंडाळून, खुर्ची खिडकीशी ओढून तयारच बसले होते. स्टूलही त्यांनी शेजारी आणून ठेवलं होतं. बाईंनी आधी बरगडी पाहिली. लाल चौकोन गेला होता. शाईची रेघ तेवढी पुसट उरली होती.

“आणलंस?”

“नाही,” बाई म्हणाल्या आणि पर्स न ठेवता, उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. मलम कोरं होतं. त्यात औषधाचा कणही नव्हता. आपण ते चोरून आणलं होतं. आपल्या बोटांना काही कळत नाही आणि टाचण्यांचं काम आजपासून गेलं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच फुटला, बोटांच्या वेळी.

यजमानांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. दहाही ठिपके पाहिले.

“एवढं टोचलं आणि तुला कळलं नाही?”

“नाही.”

“आणि इकडे मला वारा कळतो,” ते म्हणाले. “काही नव्हतं म्हणतेस त्यात. मग काल उतरली कशी लिफ्ट?”

“मला नाही माहीत. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी. मनाचं असतं.”

“डॉक्टरांना काय कळतंय! चौदा महिन्यांनी तू पाऊण तास शेजारी बसलीस माझ्या.” त्यांनी स्टुलावर थाप मारली. “बस.”

“काय लावू? घरात काही नाही.”

“तुझ्या हातांना लावतेस ते असेल ना कपाटात. काहीही चालेल.”

“अहो, ऐका. मला जोर कळत नाही आता. दाबलं गेलं तर जीव जाईल तुमचा.”

“मला कळतो. गरजेपेक्षा जास्तच कळतो. तू हात ठेव, मी सांगतो.”

बाईंनी कपाटातली क्रीमची बाटली आणली. बोटं पुढे नेली आणि मध्येच थांबवली. यजमानांनी त्यांचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि लिफ्टमध्ये उभे राहत तसा ताठ कणा करून बसले.

“कितवा आता?” बाईंनी विचारलं.

“सहावा. हं, आण. हलकं. अजून हलकं. हां, लागलं, तिथेच.”

बोटाखाली बाईंना काहीच कळत नव्हतं. कातडी गार की गरम तेही नाही. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कपाळावर आठी पडली की हात उचलायच्या, आठी गेली की पुन्हा टेकवायच्या.

“पाचवा,” यजमान म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.